तुलनात्मक तक्ता

केंद्र सरकारच्या चाकरीत आम्हांला आता बारा वर्षे होत आली. या बारा वर्षांत दिल्लीने आम्हांला पुष्कळ गोष्टी शिकविल्या. परंतु कार्यालयाने मनापासून एकच विद्या शिकविली, आणि ती म्हणजे तुलनात्मक तक्ता तयार करण्याची. खुर्च्या, पंखे, कूलर, छपाईचा कागद – आमच्या तक्त्यातून न गेलेली वस्तू आमच्या इमारतीत शोधूनच काढावी लागेल. डावीकडे गुण लिहावेत, वर उमेदवारांची नावे मांडावीत, मधल्या चौकोनांत 'होय' आणि 'नाही' भरावे, आणि खाली 'मान्यतेसाठी सादर' असे लिहून मोकळे व्हावे. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला याहून मोठे यश कोणी देऊ केले नव्हते, आणि आम्हीही ते मागितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मात्र आमच्याकडे एक निराळेच प्रकरण आले. निवृत्तिवेतनाच्या अर्जांचे सॉफ्टवेअर सांभाळणारा सहा तरुण प्रोग्रामरांचा एक कक्ष आमच्या विभागात आहे. सगळे कंत्राटी. त्यांचे काम कोठवर आले हे साहेबांना कळत नसे, आणि साहेबांना नेमके काय कळत नाही हे त्यांना कळत नसे. साहेबांचे म्हणणे, कामाचा फलक हवा: प्रत्येक कामाचे एक कार्ड, आणि ते 'करावयाचे', 'चालू' व 'झाले' या रकान्यांतून पुढे सरकताना दिसावे. मुलांचे म्हणणे, आमचा कोड कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्रावर पडला आहे. आधी त्याच्यासाठी नीट भांडार द्या, म्हणजे एकमेकांचे लिखाण तपासून मगच ते आत घेता येईल. पैसा एकाच गोष्टीपुरता होता. तक्ता आम्ही करावयाचा होता.

आम्ही पंधरा दिवस वाचन केले, आणि खोटे कशाला बोला, त्यात आमचे मन रमले. फलकाचे मूळ जपानात निघाले. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कार्डांची पद्धत रुजविली. पुढच्या माणसाचे कार्ड आल्याखेरीज मागच्याने नवा माल तयारच करावयाचा नाही. कार्ड हे तेथे घाई करण्याचे नव्हे, थांबण्याचे साधन होते. 'जिरा' हे नाव फोडणीतल्या जिऱ्यावरून पडले असावे, असे आम्ही समजत होतो. ते निघाले 'गोजिरा' या जपानी राक्षसाच्या नावावरून. ते 2002 साली आले, 'ट्रेलो' 2011 साली. 'जिरा'च्या स्वतःच्या यंत्रावर ठेवावयाच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार 2024 च्या फेब्रुवारीत संपला. सरकारी कार्यालयाला असली गोष्ट फार महत्त्वाची. उलट 2006 साली निघालेले 'रेडमाइन' मुक्त असून आपल्याच यंत्रावर बसते.

भांडाराची कथा आम्हांला अधिकच भावली. लिनक्सचा कोड ज्या साधनात ठेवीत, त्याचा फुकट वापर 2005 साली बंद झाला. तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले, आणि काही दिवसांतच ते आपला स्वतःचा कोड सांभाळू लागले. त्याचे नाव 'गिट'. कोणती ओळ कोणी बदलली, केव्हा बदलली, आणि लिहिणारा प्रामाणिक असेल तर का बदलली, हे सारे त्यात राहते. शिवाय प्रत्येकाच्या प्रतीत संपूर्ण इतिहास असतो. याच पायावर 2008 साली 'गिटहब' उभे राहिले, आणि पुढे 'गिटलॅब'ही.

वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, हे सारे आम्ही पूर्वीच पाहिले आहे. कार्यालयात फाइल कोणाकडे आहे हे सांगणारे एक रजिस्टर असते, आणि फाइलच्या आत हिरव्या कागदावरची टिपणी असते. रजिस्टर सांगते, फाइल कोठे आहे. टिपणी सांगते, कोणी काय विचार केला. फलक हे रजिस्टर, भांडार ही टिपणी. इतके स्पष्ट दिसत असताना आम्ही काय केले? आम्ही तक्ता केला. डावीकडे लिहिले: खर्च, स्वतःच्या यंत्रावर ठेवण्याची सोय, प्रशिक्षण, मासिक अहवाल. शेवटच्या गुणापाशी फलकाच्या चौकोनात 'होय' पडले आणि भांडाराच्या चौकोनात 'मर्यादित'. फलक मंजूर झाला. भांडार कोपऱ्यातल्या यंत्रावर होते तेथेच राहिले. कोणत्या कंपनीचा फलक घेतला ते येथे सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष त्याचा नव्हता.

सहा महिन्यांनी कंत्राटांच्या नूतनीकरणाची वेळ आली. सहांपैकी पाचच जागा राहणार होत्या. साहेबांनी फलकावरील पूर्ण झालेल्या कार्डांची यादी मागविली. आम्ही ती काढून दिली. कोणाची चाळीस, कोणाची छत्तीस. बिहारमधून आलेल्या एका मुलीची नऊ. नऊ हा आकडा तळाशी होता. तळाची रेघ आम्हीच आखली होती.

तिच्या नऊ कार्डांपैकी एकावर 'नाव जुळत नाही' एवढेच लिहिले होते, आणि ते दोन महिने 'चालू' या रकान्यात होते. ते काय होते, हे ती गेल्यावर तिच्या सोबत्याने आम्हांला त्या जुन्या यंत्रावर दाखविले. 'फ़रीदा' या हिंदी नावातले पहिले अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते: नुक्त्यासह एकच अक्षर म्हणून, किंवा 'फ' आणि नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसे. त्यामुळे नवऱ्यामागे अर्ज करणाऱ्या कित्येक बायकांची नावे जुन्या नोंदींशी जुळत नसत आणि त्यांचे अर्ज परत जात. आम्हीच त्या पत्रांवर 'कागदपत्रांत विसंगती' असा शेरा मारीत आलो होतो. त्या मुलीने सगळी नावे एकाच रूपात आणून मगच ताडून पाहण्याची व्यवस्था केली होती. त्यासाठी सॉफ्टवेअरची जागोजागची जोडणी उसवून पुन्हा शिवावी लागली होती. भांडारात तिच्या नावे 61 नोंदी होत्या, आणि प्रत्येकीखाली 'का' लिहिलेले होते.

"तिने हे कधी सांगितले का नाही?" आम्ही विचारले.

"सर, तिने भांडारात लिहिले होते," तो म्हणाला. "तेथे कोणी वाचत नसे."

उपाय अगदी क्षुल्लक होता, आणि तो त्या साधनांतच होता. कोडच्या प्रत्येक नोंदीत कार्डाचा क्रमांक लिहावयाचा. मग दोन्ही साधने जोडली की कार्ड उघडताच त्यामागचे सारे काम दिसते. पत्रावर फाइल क्रमांक घातल्याशिवाय आम्ही साधे स्मरणपत्रही पाठवीत नाही. हे आम्हांला सुचू नये, याला अज्ञान म्हणता येत नाही. 2001 साली यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या 17 सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी साधनांपेक्षा माणसे आणि त्यांची परस्पर बोलणी मोलाची मानली होती. तेही आम्ही त्याच पंधरा दिवसांत वाचले होते. मात्र त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.

त्यानंतर आम्ही टिपणी सादर केली आणि जोडणी मंजूर करून घेतली. कंत्राट मात्र परत आले नाही. पाच जागा म्हणजे पाचच. चार महिन्यांनी त्या मुलीचे अनुभव-प्रमाणपत्रासाठी पत्र आले. प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला असतो: नाव, कालावधी, वर्तणूक समाधानकारक. आम्ही त्याखाली एक वाक्य अधिक घातले. तिने कोणता दोष शोधला, आणि त्यामुळे कोणाचे अर्ज परत जाणे थांबले, हे त्यात लिहिले. साहेबांनी ते दोनदा वाचले.

"हे नमुन्यात नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब," आम्ही म्हणालो.

त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि सही केली. प्रत काढून आम्ही ती त्याच फाइलीत ठेवली, तुलनात्मक तक्त्याच्या लगेच मागे.