किंमत कोणाच्या नावावर

दुपारची बदलापूर लोकल कल्याणला बरीच रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. मराठी कवी नारायण वामन टिळक 1869 ते 1873 या काळात याच कल्याणात प्राथमिक शाळेत शिकले. पुढे 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एका सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली, आणि त्याने त्यांना बायबल वाचायला दिलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यापुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यावाचून, नातलगांच्या आधाराने काढली. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रातली ती पानं वाचताना मला दर वेळी वाटतं की श्रद्धेच्या मोलाबद्दल टिळकांना विचारावं, पण किंमत विचारायची तर लक्ष्मीबाईंनाच. आज जे लोक ख्रिस्ती विश्वासात आले आहेत, त्यांच्याकडे हा हिशेब कसा मांडला जातो, ते ऐकायला मी निघाले होते.

विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर आलं. महायुद्धातली ही लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत उतरले आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक अजूनही 'कॅम्प दोन', 'कॅम्प पाच' असंच म्हणतात. गजानन मार्केटच्या गर्दीतून वाट काढत मी एका फर्निचरवाल्याच्या दुकानात पोचले. त्यांच्या आजोबांनी शिकारपूरचं घर, पेढी, सगळं मागे टाकलं होतं, ते धर्म राखण्यासाठी. नातू ख्रिस्ती झाला.

ते थोरले. वडील गेले तेव्हा बाराव्या दिवशी पगडीचा विधी झाला. सिंध्यांत पगडी थोरल्या मुलाच्या डोक्यावर बांधतात, म्हणजे आता घराचा कर्ता हा, असं चार माणसांसमोर ठरतं. ती धाकट्याला बांधली. हे मागच्या रांगेत बसून होते. "हिस्सा किसी ने नहीं रोका," ते म्हणाले. कायदाही रोखत नाही. धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये, हे आपल्याकडे 1850 च्या कायद्याने ठरलं, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातही धर्मांतर केलेल्याचा स्वतःचा वाटा शाबूत राहतो. धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना मात्र हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू असतील तरच मिळतो. पण पगडी कुठल्याच कलमात बसत नाही.

येशूच्या दृष्टान्तातला व्यापारी एका मोत्यासाठी होतं नव्हतं ते सगळं विकून टाकतो. या व्यापारी गावात तो दृष्टान्त आठवताना मला एक गोष्ट खटकली. त्या व्यापाऱ्याने विकलं ते त्याचं स्वतःचं होतं. पगडी वडिलांचीही होती, आणि आजोबा ज्यासाठी निर्वासित झाले त्याचीही होती. या घरातल्या म्हाताऱ्यांचा राग मला कळतो. श्रद्धेची किंमत काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको. आणि नातवाचं म्हणणंही कळतं, कारण तोही आजोबांसारखंच मनाला पटलेल्या देवामागे गेला आहे.

अंबरनाथला उतरून आधी शिवमंदिरात गेले. तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. भिंतींवरचं कोरीवकाम बघत दिवस घालवावा असं आहे. शेजारच्या वालधुनीची अवस्था मात्र बघवत नाही. तिथून रिक्षाने एका निवृत्त कामगाराच्या घरी. जन्माने मातंग, नवराबायको दोघं बारा महिने उपासनेला जाणारी. मुलगा ढोलक वाजवतो, गीतं गातो, पण बाप्तिस्मा घेत नाही. "दाखला आहे ना," वडील म्हणाले. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशातला तिसरा परिच्छेद सवलत धर्माशी बांधतो. आधी फक्त हिंदू, 1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध. ख्रिस्ती झाला की जातीचा दाखला गेला. त्यांच्या शेजारच्या बौद्ध घरातली मुलगी त्याच दाखल्यावर शिकली. 2022 मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

माणसांनी एकमेकांकडून वसूल केलेली किंमत एक वेळ समजून घेता येते. सरकारने लावलेली ही किंमत मला सरळ अन्याय वाटते. देव बदलला म्हणून गल्लीत कुणी जात विसरत नाही, आणि खुद्द चर्चमधल्या सोयरिकींतही ती पाहिली जाते. मग सवलत तेवढी का जावी? आई इतका वेळ गप्प होती. मी उठताना म्हणाली, "पोरगा मनाने प्रभूचाच आहे. पण मंडळीत त्याला पाहुण्यासारखं बसावं लागतं, ते लागतं जिवाला."

बदलापूरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. इथलं घर मराठी, मूळ महाडकडचं. नवरा सहा वर्षांपूर्वी विश्वासात आला, बायको आली नाही. मी गेले तेव्हा त्या ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. भिंतीवर कॅलेंडर वचनांचं, आणि फ्रिजशेजारच्या कोनाड्यात कुंकवाचा करंडा आणि अन्नपूर्णा.

"ह्यांची दारू सुटली," त्या म्हणाल्या. "ताई, वीस वर्षं मी नवस केले, नाही सुटली. ती ह्यांच्या देवाने सोडवली, मी कशाला नाकारू? पगार घरात यायला लागला. पोरीचं लग्न झालं." हाताखालचा खडा त्यांनी बाजूला टाकला. "पण माझा गणपती गेला. आमच्याकडे थोरल्या घरचा बसायचा. हे म्हणाले, आता नाही. दीर येऊन पाट घेऊन गेले. मला कुणी विचारलं नाही."

नवरा तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली नाही, वादही घातला नाही. "मी तेव्हा नवीन होतो," एवढंच म्हणाला. दिवसभरात ऐकलेल्या हिशेबांत हाच मला सगळ्यांत खरा वाटला, कारण यात जमा आणि खर्च दोन्ही एकाच बाईच्या तोंडून येत होते. बुडणारा संसार तिला परत मिळाला आणि त्याचं मोलही तिच्याकडूनच वसूल झालं. त्याची श्रद्धा खोटी नाही, तिचा तोटाही खोटा नाही. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो माणसामाणसांतला भेद स्वतःच्या विचाराने मनातून गेल्यावर, आपल्या पायांनी चालत जाऊन. तेवढा अवकाश घरातल्या माणसाला मिळायला हवा, मग तो आपल्या देवाकडे येवो न येवो.

"तुम्ही जाल का कधी यांच्या मंडळीत?" मी विचारलं.

"नाताळला जाते की. करंज्या मीच करून देते." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा हेसुद्धा येतायत गावी, गणपतीला. आरतीला उभे राहणार नाहीत, ते मी मागतही नाही. मोदकांचे नारळ खवून देणार आहेत."

"किती?" त्याने विचारलं.

"अकरा."