बोर्डातलं सोनं

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगली. मीही तमिळनाडूत चुलत्यांच्या दुकानात शिकलो. जुनं सोनं तिप्पट चांदीत वितळवून नायट्रिक आम्लात सोडायचं. चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. हे हाताला बसलेलं, म्हणून भंगारवाल्यानं कॉम्प्युटरचे बोर्ड आणले तेव्हा मी कुणाला काही विचारलंच नाही.

दागिन्यात सोनं आरपार असतं. रॅमच्या पट्टीवर तो निकेल-तांब्यावरचा मुलामा असतो, मायक्रॉनभरही जाड नसतो. शिवाय बोर्डावर सोल्डर, म्हणजे मुख्यतः कथील, जुन्या बोर्डांत शिसंही. सोनेरी कडा तेवढ्या कापून घ्यायच्या सोडून मी बोर्ड तोडून तसेच नायट्रिकमध्ये घातले. कथिलाचा पांढरा चिकट गाळ झाला, गाळणकागद तुंबला, सोन्याचे कपटे गाळात अडकले. मग त्यावर सोनं विरघळवणारं आम्लराज ओतलं, तेही नायट्रिक हवं त्याहून जास्त घालून. ते जादा नायट्रिक आधी घालवायला हवं होतं, नाहीतर सोनं खाली बसत नाही. मी घाईघाईनं मेटाबायसल्फाइट टाकलं. तपकिरी वाफ उसळली, सोनं बसलं नाही. यात सोनंच नव्हतं असं ठरवून सगळं पाणी मी गटारात ओतलं. सोनं त्यातच होतं; तांबं, शिसं, तेजाबही त्यातच. गल्लीतल्या बायका त्याच गटाराच्या कडेला भांडी घासायच्या.

सोन्याचं दुःख मला आता नाही. दुःख आहे ते गावाकडून आणलेल्या पोराचं; तो तेजाबाच्या घमेल्यावर वाकून ढवळत होता. थोडा खोकला, मग जेवला, हसला. त्या तपकिरी वाफेतला नायट्रोजन डायऑक्साइड असंच फसवतो: आधी किरकोळ ठसका, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. मध्यरात्री त्याला श्वास पुरेना. दवाखान्यात मी ‘भट्टीचा धूर लागला’ एवढंच सांगितलं, कारण गल्लीत तेजाब उकळतो हे पोलिसांपर्यंत जाईल या भीतीनं माझी जीभ आवळली होती. खरी वाफ कुठली हे सकाळी, त्याचे ओठ निळे पडल्यावर, सांगितलं. तो वाचला, पण जिना चढताना आजही थांबतो.

दुकान अजून चालू आहे, गलाईचंच. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार बोर्डांचं काम नोंदणीकृत रिसायकलरचं आहे, म्हणून बोर्ड घेऊन येणाऱ्याला मी त्यांचा पत्ता देतो. गावाकडची नवी पोरं व्हिडिओ बघून फोन करतात, ‘काका, किती निघतं?’ त्यांना मी आधी त्या पोराचं सांगतो.