ऑफसेट

आमच्या चिखलीत गुरुवार हाच रविवार. एमआयडीसीला सुट्टी, साने चौकात टेम्पो कमी, आणि सर्व्हरला हात लावायला मला मोकळीक. तळवड्यातल्या एका वर्कशॉपची साइट मी सांभाळतो; तिच्यावर ड्रॉइंग चढवली जातात. एका गुरुवारी तिच्या वेब सर्व्हरमध्ये, एनजिनएक्समध्ये, एकच ओळ वाढवायची होती: फाइलची मर्यादा २० एमबी. काहीच सांगितलं नाही तर तो १ एमबीच धरतो, आणि मोठी फाइल आली की ४१३ आकडा तोंडावर मारून परत पाठवतो.

लॅपटॉपवर चाललं. सर्व्हरवर फाइल टाकून ‘एनजिनएक्स -टी’ (छोटा टी) मारलं, ‘सिंटॅक्स ओके’. रीलोड करून जेवायला गेलो. शुक्रवारी पहिल्या शिफ्टलाच फोन: “दादा, छोटी ड्रॉइंग जातायत, असेंब्लीची जात नाहीत.”

दोन तास मी त्या ओळीकडेच बघत बसलो. ओळ बरोबर होती, फाइल चुकीच्या घरात होती. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. तिथे फाइल ‘साइट्स-अव्हेलेबल’मध्ये ठेवायची आणि ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये तिचा दुवा द्यायचा. सर्व्हर रेड हॅटच्या घराण्यातला, तो वाचतो ‘कॉन्फ.डी’. त्याच्याकडे नसलेला फोल्डर मीच हौसेने तयार केला होता! वाचलीच नाही त्या फाइलीत तो चूक काय काढणार? छोटा टी वाचलेल्या फाइलींपुरतंच तपासतो. मोठा टी मारला की सर्व्हरने प्रत्यक्षात काय काय वाचलं ते सगळं समोर येतं. त्यात माझी ओळ नव्हती.

शेजारचे काका कुदळवाडीत व्हीएमसी मशीन चालवायचे. संध्याकाळी त्यांना सांगितलं, तर हसले. “अरे, एकच प्रोग्रॅम आम्ही तीन मशीनवर चालवायचो. जॉब कुठे बांधलाय ते जी५४ च्या ऑफसेटमध्ये, ज्याच्या त्याच्या मशीनवर. प्रोग्रॅमला हात नाही लावायचा. आणि फर्स्ट पीस मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.”

आता एनजिनएक्सच्या फाइलीचा साचा एकच, गिटमध्ये. डोमेन, पोर्ट, सर्टिफिकेटचा पत्ता, मर्यादा, फाइल कुठे बसवायची, हे प्रत्येक मशीनच्या वेगळ्या छोट्या फाइलीत. स्क्रिप्ट दोन्ही जुळवते. पासवर्ड मात्र गिटच्या बाहेरच. रीलोडनंतर १९ एमबीचं एक ड्रॉइंग मी स्वतः चढवतो. त्या फाइलीचं नावच ‘फर्स्ट पीस’.

गेल्या गुरुवारी ती ४१३ घेऊन परत आली. नव्या मशीनच्या फाइलीत मी २० च्या जागी २ लिहिलं होतं. छोट्या टीला ते चालतं. जेवण गार झालं; शुक्रवारी फोन आला नाही.