कारकूनकाकांचं देणं

१९९६ साली वडील गेले आणि मागं आम्ही तिघी राहिलो. आई, कॉलेजात जाणारी मी आणि आठवीतली बहीण. कराडपासून थोड्या अंतरावर कृष्णाकाठी आमची सामाईक जमीन होती. सातबाऱ्यावर वडील आणि दोन चुलते यांची नावं एकत्र. उसाची नोंद मात्र कारखान्याकडं मोठ्या चुलत्यांच्या नावानं, त्यामुळं बिलही त्यांच्याच खात्यावर. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि मोठे चुलते बोलू लागले, की त्यानं त्याचा हिस्सा मागंच रोख उचलला होता, आता तुमचं इथं काही नाही. धाकट्यांनी भर घातली, "पदरात मुलगा नाही, मग भांडायचं कोणासाठी?" आईला हे दुसरं वाक्य जास्त लागलं. दावा लावायचा, हे तिनं त्या रात्रीच ठरवलं.

हातात पैसा नव्हता. पहिल्यांदा ज्या वकिलांकडं गेलो, त्यांनी तो प्रश्न एका वाक्यात सोडवला. आत्ता काही देऊ नका. निकाल लागला की मिळेल त्यातले चार आणे माझे. आईला हायसं वाटलं. जमिनीचा चौथा हिस्सा म्हणजे काय, हे तिला कळत होतं. पण ते देणं पुढचं होतं, आणि चूल रोजची पेटवायची होती. ज्याच्याकडं रोख नाही त्याला असाच सौदा सोयीचा वाटतो. म्हणूनच तो इतका महाग पडतो.

कोर्टाच्या आवारात आम्हाला काका भेटले. ते एका जुन्या वकिलांचे कारकून. पांढरी टोपी, काखेत फायलींचा गठ्ठा, खिशाला दोन पेनं. शेजारच्या गावचे, वडिलांना तोंडओळखीनं ओळखणारे. आईनं चार आण्यांचं सांगितलं तसे ते जागीच थांबले. "वैनी, असं ठरवता येत नाही. वकिलाला निकालावर हिस्सा घ्यायचा नियम नाही." ते सांगत होते ते खरं होतं. १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिलनं केलेल्या नियमांत ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि पुढं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानंही टक्केवारीवरची फी बेकायदा असल्याचं पुन्हा सांगितलं. आम्हाला तेव्हा यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्या दुपारी कोणी थांबवलं नसतं, तर आज जमिनीचा जो तुकडा आईच्या नावावर आहे तो बराच लहान असता.

काकांनी आम्हाला त्यांच्या साहेबांकडं नेलं. साहेबांची फी आवारातली सर्वांत कमी नव्हती. आईनं तसं बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, की तारखेला हजर न राहणारा वकील फुकट मिळाला तरी परवडत नाही; दावा काढून टाकला गेला की तो पुन्हा घ्यायला अर्ज, त्याची सुनावणी, आणि तोवर समोरचा जमीन विकून मोकळा. फीचा आकडा ठरण्याआधी त्यांनी मला वहीचं पान काढायला लावलं आणि साहेबांच्या समोरच लिहून घ्यायला सांगितलं: या रकमेत काय काय येतं. दावा तयार करणं, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद. अपील वेगळं. टायपिंग, नकला आणि समन्सचा भत्ता वेगळा, तो लागेल तसा. रक्कम चार हप्त्यांत, ऊस तुटून जातो त्या महिन्यांच्या आसपास, आणि प्रत्येक हप्त्याला पावती. साहेबांना याचा राग आला नाही. चांगल्या वकिलाला येत नाही, हे पुढं अनेकांचं बघून मला समजलं.

दुसरी गोष्ट स्टँपची. दिवाणी दाव्यात मालमत्तेच्या किमतीप्रमाणं कोर्ट फी भरावी लागते, आणि ती रक्कम ऐकूनच कित्येक बायका घरी परत जातात. काकांनी कपाटातून एक घडी पडलेला कागद काढला. राज्य सरकारची १ ऑक्टोबर १९९४ची अधिसूचना: पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ. आमच्या दाव्यात वादी तिघी; आई, मी आणि अज्ञान बहिणीतर्फे पालनकर्ती म्हणून पुन्हा आईच. मुलगा नाही म्हणून जिला बोल लावला होता, तिचा दावा त्याच कारणानं एका पैशाच्या स्टँपशिवाय दाखल झाला. आईनं हे गावात सगळ्यांना सांगितलं. मालमत्तेच्या सगळ्या वादांना माफी तेव्हा होती; पुढं २००० साली ती वैवाहिक प्रकरणांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेच्या वादांपुरती मर्यादित झाली.

पण काकांनी खरं जे दिलं, ते कागदांचं शिक्षण. दावा लावण्याआधी त्यांनी आम्हाला दोन महिने थांबवलं. आधी वारसनोंद. त्याला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि तलाठ्याकडं अर्ज. चुलत्यांनी हरकत घेतली, ती तक्रार नोंदवहीत चढली, मंडल अधिकाऱ्यांपुढं सुनावणी झाली आणि आमची नावं लागली. मग मला तहसीलच्या अभिलेख कक्षात पाठवलं. जुने सातबारे, आठ अ, आजोबांपासूनचे सगळे फेरफार. प्रत्येक नकलेचा अर्ज मी माझ्या हातानं लिहायचा आणि काकांनी फक्त वाचून बघायचा. शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्तांचा शोध. रोख घेऊन हिस्सा सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे, आणि ते कुठंच निघालं नाही. पुढं सगळा दावा या एका नसलेल्या कागदाभोवती फिरला.

या सगळ्या कामासाठी वकील लावता येतो. त्याचा माणूस जातो, हेलपाटे होतात आणि ते पक्षकाराच्या हिशोबाला लागतात. आमच्याकडं पैसा नव्हता, पण माझ्याकडं कॉलेजच्या सुट्टीचे दिवस होते. जिथं तुमचे पाय चालतात तिथं साहेबांचं डोकं विकत घेऊ नका, असं काका म्हणायचे.

कागद जमले की त्यांनी सगळे तारखेप्रमाणं लावले, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घातला आणि मला एका पानावर हकिगत लिहायला बसवलं. डावीकडं साल, मध्ये काय घडलं, उजवीकडं कागदाचा आकडा. जिथं कागद नाही तिथं कोण सांगू शकेल त्याचं नाव. दिराचं बोलणं, जावेचा टोमणा, वडिलांच्या आजारपणात कोण आलं नाही हे सगळं मी लिहिलं होतं. त्यांनी एकेक ओळ वाचून बाजूला काढलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ते म्हणाले, "वैनी, रडायचं ते माझ्यापुढं रडा, मी कारकून आहे. साहेबांपुढं गट नंबर सांगायचा आणि साल सांगायचं." कोरडेपणा त्यात अजिबात नव्हता. आईनं त्यांच्या टेबलाशी बसून जे मन मोकळं केलं, तेवढं माहेरीही केलं नसेल.

साहेबांनी ते पान वाचलं आणि अर्ध्या तासात दाव्याचा मजकूर सांगायला घेतला. कच्चा मसुदा काकांनी घरी दिला. रात्री मी मोठ्यानं वाचला, आईनं डोळे मिटून ऐकला आणि एका गटाचा नंबर चुकला आहे हे तिनं पकडलं. दाखल झाल्यावर हेच निघालं असतं तर दुरुस्तीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, म्हणजे आणखी तारखा.

तारखांचा खर्च फीच्या पावतीत दिसत नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, आवारातला चहा, आणि दिवसभर बसून चार मिनिटांत "पुढची तारीख" ऐकणं. मनाईचा हुकूम मिळाला, चुलत्यांना जमीन विकता येईना, तसे त्यांनी मुदती मागायला सुरुवात केली. आई प्रत्येक तारखेला जायची. न गेलं तर दावा हातचा जाईल अशी भीती. काकांनीच ते बंद केलं. वकील हजर असताना पक्षकारानं दरवेळी यायची गरज नसते; साक्ष असेल, तडजोडीचं बोलणं असेल तेव्हा मी निरोप देईन. गावातल्या दुकानात फोन होता, तिथं निरोप यायचा. साहेबही मुदतीच्या प्रत्येक अर्जाला खर्चाची मागणी लावत राहिले, आणि समोरच्यांच्या मुदती हळूहळू आवरल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं मला सर्वांत गरजेचं वाटतं. कारकुनाचं घर कशावर चालतं? वकील देतात तो पगार बेताचा. बाकी सगळं पक्षकारांच्या कामावर: नकलेच्या अर्जामागं काही, प्रतिज्ञापत्रामागं काही, समन्स लवकर निघावं म्हणून धावपळ केली त्याचं काही. म्हणजे मला अर्ज लिहायला शिकवताना ते स्वतःच्या मिळकतीतला घास काढून देत होते. आवारातल्या इतरांनी त्यांना तसं सुनावलेलं मी ऐकलं आहे. ते त्यागाचा आव आणणारे नव्हते. जे काम ते करायचे त्याचे पैसे आधी सांगून, उघड घ्यायचे. आईनं दिवाळीला भुईमुगाच्या शेंगा नेल्या तर त्या ठेवून घ्यायचे. पण जे काम आम्ही करू शकतो ते आमच्यासाठी करून पैसे घेणं त्यांना पटत नव्हतं. यामागं वडिलांचे काही उपकार असतील म्हणून मी विचारलं होतं. तसं काही नव्हतं.

२००१ मध्ये लोकन्यायालयात तडजोड झाली. निकाल लागला असता तरी प्रत्यक्ष वाटपासाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडं जाणार, सरस-निरस मानानं हिस्से पडणार, आणि मध्ये अपिलाची टांगती तलवार. लोकन्यायालयाच्या निवाड्यावर अपील नाही. काकांनी आईला विचारलं, कशावाचून चालेल? आईनं जुन्या घराची पडवी आणि गोठा सोडला. पाण्याची पाळी आणि विहिरीकडची जमीन सोडली नाही. मोजणीच्या नकाशावर कोणाचा कोणता भाग ते रेघ मारून ठरलं. बहीण तोवर सज्ञान झाली होती, तिची सही तिनंच केली. पडवीचं दुःख आईला पुष्कळ दिवस होतं. मला अजूनही वाटतं, की त्या पडवीनं आम्हाला दहा वर्षं वाचवून दिली.

काका थकल्यावर मी पुण्याहून त्यांना भेटायला गेले. काहीतरी द्यावं असं मनात होतं, तसं बोललेही. त्यांनी त्यांच्या गावातल्या एका विधवा सुनेचं नाव सांगितलं. तिचा वाटपाचा वाद होता. वकिलांनी फी थकली म्हणून कागद अडवून ठेवले होते. "तिच्याजवळ एक दिवस बस," एवढंच म्हणाले. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०००चा निकाल आहे. तो सांगणारं पत्र तिनं पाठवलं आणि फाईल परत मिळाली. मग आम्ही तालुका विधी सेवा समितीकडं गेलो. १९८७चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ला लागू झाला, त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणं स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आमच्या वेळी हे आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

त्यानंतर बायका येत राहिल्या, एकीनं दुसरीला सांगून. हल्ली काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की दाव्यात काय झालं ते मोबाईलवर दिसतं, तारीख कळायला दुकानातल्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. एका पानाची हकिगत मात्र हातानंच लिहावी लागते, आणि तिला वेळ लागतो. काका गेले तेव्हा मी अशाच एकीबरोबर त्या पानावर बसले होते. तिच्या नवऱ्याच्या आजोबांचा १९५८चा फेरफार अजून मिळायचा होता. तो पुढच्या आठवड्यात मिळाला.