रुग्णाच्या ताटातील भाकरी

धर्मगुरूच्या वाट्याला रुग्णांचा सहवास येतोच. जळगाव-धुळ्याच्या परिसरात कर्करोगग्रस्तांच्या घरी जाताना मला जाणवले, की तेथे औषधापेक्षा ताटाचीच चर्चा अधिक होते. कोणी सांगते, अन्न तोडा, म्हणजे गाठ उपाशी मरेल. कोणी म्हणते, केवळ फळांचा रस द्या. मुंबईहून उपचार घेऊन आलेल्या माणसापुढची भाकरी अशी मायेपोटीच काढून घेतली जाते. एका भगिनीने मला विचारले, "फादर, भाकरी खाल्ली तर आजार वाढेल का हो?" तिच्या स्वरात भूक होती आणि भीतीही. वजन घटले की रुग्णाला उपचार सोसत नाहीत, हे डॉक्टर वारंवार सांगतात. त्यात आता विज्ञानाने आणखी भर घातली आहे.

वाचकहो, आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू नांदतात, बहुतांश मोठ्या आतड्यात. धान्य, डाळी व भाज्यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचे अन्न. त्यातून ते जी द्रव्ये निर्माण करतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि रोगप्रतिकारक पेशींवरही प्रभाव टाकतात.

कर्करोग या पेशींना जणू लगाम घालतो. तो लगाम सोडवणाऱ्या उपचारास इम्युनोथेरपी म्हणतात. त्यामागील शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध फार महाग. परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचाराला या औषधाच्या एक दशांशाहूनही कमी मात्रेची जोड दिल्यावर वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूने पोळलेल्या आपल्या समाजाला हा केवढा दिलासा!

हे औषध शरीराच्या स्वतःच्या सैन्यावर विसंबून असल्याने आतड्याची स्थितीही महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी २०२१ साली त्वचेच्या कर्करोगाच्या १२८ रुग्णांचा आहार तपासला. रोज किमान २० ग्रॅम चोथा पोटात जाणाऱ्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला. बाजारातील जिवाणूंच्या गोळ्यांचा मात्र तसा लाभ दिसला नाही. अनावश्यक प्रतिजैविकांनी हे उपकारक जिवाणू मरतात, हेही ध्यानात असावे. अर्थात हे निरीक्षण आहे, अंतिम सिद्धता नव्हे. आणि चोथा म्हणजे औषध नव्हे.

तरीही आपल्या खानदेशी ताटाकडे पाहावे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, अंबाडीची भाजी, मुगाची डाळ यांना गरिबाचे अन्न म्हणून हिणवू नये. मात्र तोंड सोलवटले असेल, जुलाब होत असतील किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मऊ, कमी चोथ्याचेच अन्न हवे. हा निर्णय शेजाऱ्यांनी नव्हे, डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी करावा.

उपवासकाळात काही रुग्ण हट्टाने उपाशी राहतात. ख्रिस्तसभा आजाऱ्याकडून उपवासाची अपेक्षा करीत नाही. अशा माणसाने चार घास खाणे हेही देवाने दिलेल्या देहाचे जतनच होय. म्हणून रुग्णाला भेटावयास जाताना ऐकीव पथ्ये घरीच ठेवावीत आणि त्याला सोसेल ते विचारून, शिजवून न्यावे.