मोबाईल ताईंचा, काम सरकारचं, मग जबाबदारी कोणाची?

भोर तालुक्यातली बरीच पोरं रोज शिरवळच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यांना विचारा, काही कंपन्यांत गेटवरच मोबाईल जमा करावा लागतो. काही ठिकाणी कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ऑफिसातला लॅपटॉप कंपनीचा असतो आणि त्यात घरचा पेन ड्राईव्ह लावला तर चालत नाही. वायफाय दोन असतात, एक कंपनीच्या मशीनसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. नोकरी सोडली की त्याच दिवशी लॉगिन बंद. पोरं वैतागतात, पण कारण त्यांना कळतं. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये, एवढाच हिशोब.

आता त्याच पोराची आई गावात अंगणवाडी सेविका असेल तर बघा काय होतं.

तिच्या मोबाईलवर गावातल्या सहा वर्षांखालच्या सगळ्या पोरांची नावं, जन्मतारखा, वजन-उंची असते. कोणतं पोरगं तीव्र कुपोषित आहे, कोणाची सून गरोदर आहे, कितवा महिना चालू आहे, आईचा मोबाईल नंबर काय, सगळं त्यात. आधारची ई-केवायसी त्यातूनच. २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहराही त्याच मोबाईलवर पडताळायचा. कारखान्याच्या नट-बोल्टच्या ड्रॉईंगपेक्षा ही माहिती जास्त नाजूक आहे की नाही, तुम्हीच सांगा. आणि हा मोबाईल रात्री घरी चार्जिंगला लागतो. धाकटा त्यावर गेम खेळतो. लॉकचा पॅटर्न घरात सगळ्यांना पाठ. यात त्या माऊलीचा काही दोष नाही. घरात चालणारा स्मार्टफोन तो एकच असतो.

हे असं का झालं, ते थोडं मागे जाऊन बघू.

२०१९ मध्ये पोषण अभियानातून महाराष्ट्रातल्या लाखभर सेविकांना सरकारी मोबाईल मिळाले. रॅम २ जीबी. आधी एक ॲप होतं, ते गेलं आणि मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं. ते त्या मोबाईलला पेलवेना. हँग व्हायचा, तापायचा, बंद पडायचा. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचे हजारो रुपये ताईंनी स्वतःच्या मानधनातून भरायचे. त्यात ॲप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हजारोंच्या संख्येने हे मोबाईल प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. मोबाईल वापसी आंदोलन म्हणून ते गाजलं.

बातम्या आल्या त्या ‘निकृष्ट मोबाईल’ म्हणून. ते खरंच होतं. पण दुसरी गोष्ट कोणी फारशी लिहिली नाही. मोबाईल परत गेला तरी काम थांबलं नाही. ॲप प्ले स्टोअरवर होतं. वरून निरोप यायचा, ‘तुमच्याकडे दुसरा मोबाईल असेल ना, त्यावर भरा.’ म्हणजे सरकारी डबा नादुरुस्त झाला म्हणून गाडी ताईंच्या खासगी डब्यावर चढवली. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नवे मोबाईल द्यायचं सरकारने मान्य केलं, पण दरम्यान सवय लागून गेली ती गेलीच. नुसत्या अंगणवाडीचं कशाला घेऊन बसायचं? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर भरायची सक्ती झाली. ते फोटो काढणाऱ्या मेटचा मोबाईल कोणाचा? त्याचा स्वतःचाच.

मोठ्या कंपन्यांतही लोक स्वतःच्या मोबाईलवर ऑफिसचं काम करतात. मग तिथे कसं निभावतं? माझा एक वर्गमित्र पुण्यात हेच काम बघतो. त्याने समजावलं ते सोप्या भाषेत सांगतो.

मशीन कंपनीचं असेल तर कंपनी त्याची मालक. कोणतं ॲप टाकायचं, कोणतं नाही, हे कंपनी ठरवते. हरवलं तर लांबून सगळं पुसून टाकते. नोंद झालेल्या मशीनलाच ऑफिसच्या नेटवर्कचं दार उघडतं. पासवर्ड माहीत असून भागत नाही.

मोबाईल कर्मचाऱ्याचा असेल तर नियम वेगळा. त्यात कामासाठी एक वेगळा कप्पा करतात. आपल्या साध्या अँड्रॉइडमध्येही ही सोय आहे, कामाच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं. ऑफिसची माहिती त्या कप्प्यात. घरचे फोटो, मेसेज, कॉल बाहेर, तिकडे कंपनीला डोकावता येत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की फक्त कप्पा पुसायचा, घरच्या फोटोंना धक्का नाही. म्हणजे हे कुलूप दोघांच्या सोयीचं आहे. कंपनीची माहिती सुरक्षित आणि माणसाचं खासगी आयुष्यही सुरक्षित.

स्वतःच्या मोबाईलवर काम करणाऱ्या ताईंकडे दोन्हीपैकी काहीच नाही. ना सरकारचं मशीन आहे, ना ताईंच्या मोबाईलमध्ये वेगळा कप्पा.

धोका काय, असं कोणी म्हणेल. सांगतो. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’ अशा नावाच्या एपीके फाईल फिरतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. एकदा दाबली आणि परवानग्या दिल्या की मोबाईलमधले मेसेज, ओटीपी समोरच्याच्या हातात. लोक बँकेच्या पैशांची काळजी करतात, ती बरोबरच. पण तोच मोबाईल सरकारी कामाचाही असेल तर गावातल्या पोराबाळांच्या माहितीचं काय?

दुसरं, ॲपमधून निघालेले स्क्रीनशॉट. आमच्या भागात रेंजचा प्रश्न तुम्हाला नव्याने सांगायला नको. वेळवंड खोरं घ्या, हिर्डस मावळ घ्या, नाहीतर वेल्ह्याचं कानद खोरं. ॲप अडकलं की ताई वहीतल्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, कारण साहेबांना संध्याकाळपर्यंत आकडा हवा असतो. अशा एका ग्रुपमध्ये मी स्वतः बघितलंय, कधीच बदली होऊन गेलेले अधिकारी अजून तसेच मेंबर. एका कुपोषित पोराच्या वजनाचा फोटो किती मोबाईलमध्ये जाऊन बसला, याचा हिशोब कोणाकडे आहे? कंपनीत दार त्याच दिवशी बंद होतं. इथे दारच नाही.

तिसरा धोका ताईंना स्वतःला. उद्या माहिती फुटली तर चौकशी कोणाची होणार? नोटीस कोणाला निघणार? मोबाईल तुमचा, लॉगिन तुमचं, म्हणजे जबाबदारी तुमची. आणि चौकशीच्या नावाखाली मोबाईल ताब्यात घेतला तर त्यात तिचे घरचे फोटो, तिचे मेसेज, सगळंच आलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय. तो हक्क अंगणवाडीच्या उंबऱ्यावर संपतो का?

गंमत बघा. पगार, पेन्शनचा विषय निघाला की ‘तुम्ही कर्मचारी नाही, मानसेवी आहात.’ म्हणून मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सुद्धा सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. पण माहिती भरायची वेळ आली की त्या पूर्ण वेळ कर्मचारी, आणि त्यांचा मोबाईल म्हणजे जणू सरकारी दप्तर.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहिती गोळा करणाऱ्याने तिच्या सुरक्षेची योग्य काळजी घ्यायची, नाहीतर २५० कोटींपर्यंत दंड, असं त्यात आहे. सरकारसाठी बऱ्याच सवलती ठेवल्यात, हेही खरं. पण कायद्याची पळवाट असली म्हणून गावातल्या आईला दिलेला शब्द मोडायचा नसतो. ती पोराचं आधार कार्ड ताईंच्या विश्वासावर देते. ॲप कोणाचं, सर्व्हर कुठे, तिला माहीत नसतं.

मागणी फार मोठी नाही. काम मोबाईलवर करून घ्यायचं तर चांगला मोबाईल द्या, दुरुस्ती आणि रिचार्ज तुमच्या खर्चाने. स्वतःचाच वापरा म्हणत असाल तर लेखी आदेश द्या, त्यात कामाचा वेगळा कप्पा करून द्या आणि माहिती फुटली तर जबाबदारी कोणाची, ते स्पष्ट लिहा. व्हॉट्सॲपवर लाभार्थ्यांची नावं आणि फोटो मागवणं बंद करा. बदली झालेल्याला त्याच दिवशी ग्रुपमधून आणि लॉगिनमधून काढा. या शेवटच्या दोन गोष्टींना तर एक रुपया लागत नाही.

येत्या ग्रामसभेत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा. आमच्या पोरांची माहिती कोणाच्या मोबाईलवर आहे, आणि तो हरवला तर तुम्ही काय करणार? उत्तर लेखी मागा आणि ठरावात नोंदवून घ्या. आणि हो, हा प्रश्न ताईंना विचारू नका. त्या आधीच पोळल्यात. प्रश्न वर विचारायचा आहे.

भोर-वेल्ह्यातल्या कोणी असा लेखी आदेश बघितला असेल तर कमेंटमध्ये टाका. त्यावरही लिहीन.