व्यायामानंतरची भूक

देवळाच्या परिसरात भुकेविषयी बोलणे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु आमची देवळे जितकी भक्तीची, तितकीच जेवणाचीही स्थाने आहेत, हे कोणी नाकारू नये. माध्यान्हीच्या आरतीची घंटा कानी पडताच ज्याच्या मनात देवाबरोबर संतर्पणाची पंगतही उभी राहत नाही, असा भक्त आम्ही अद्याप पाहिलेला नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्यासारख्यांना पाहूनच कोणीतरी रचली असावी. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार, निदान अपराध्याच्या नात्याने, आम्हांस आहे.

2022 सालच्या श्रावणात डॉक्टरांनी आमचे रक्त तपासले व साखर सीमेवर येऊन ठेपल्याचे सांगितले. वजन 84 किलो भरले. कंबर 102 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरांच्या पुढे गेली की धोका वाढू लागतो, असेही त्यांनी समजाविले. एरवी आम्ही हे हसण्यावारी नेले असते. पण आमच्या थोरल्या बंधूंच्या डाव्या पायाची दोन बोटे याच विकाराने दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांच्या पायाला बांधलेली पट्टी आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्याच आठवड्यापासून आम्ही देवस्थानच्या अग्रशाळेत पहाटे भरणाऱ्या योगवर्गास जाऊ लागलो.

वर्ग चालविणारे गृहस्थ एक निवृत्त शिक्षक. सारे त्यांना भाई म्हणतात. सहा ते सात हा वेळ. आरंभी सूर्यनमस्कार, मग ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन आणि शेवटी शवासन. या शेवटच्या आसनात मात्र आम्ही पहिल्याच दिवशी प्रावीण्य मिळविले. अठ्ठावन्न वर्षांच्या देहाला वाकताना होणारे क्लेश आम्ही निमूटपणे सोसले. पण वर्ग सुटताच जी भूक लागे, ती मात्र सोसवत नसे. कमानीबाहेरच्या चहाच्या दुकानात आम्हां पाच-सहा जणांचा अड्डा जमू लागला. दोन पाव, पातळ भाजी, एक मिरचीचे भजे आणि वर साखरेचा चहा. एवढा व्यायाम झाल्यावर एवढे चालतेच, असा ठराव एकमताने संमत झाला होता. घरी परतल्यावरचा नित्याचा फराळ निराळाच.

तीन महिन्यांनी पुन्हा वजन केले. काटा 86 वर जाऊन स्थिरावला.

संतापाने आम्ही भाईंना म्हणालो, “भाई, तुमच्या योगाने आमचे वजन दोन किलो वाढविले.” भाई मंद हसले आणि म्हणाले, “योगाने नव्हे हो. वर्गानंतर आपण कोठे बसता ते मी रोज पाहतो.” मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या वजनाच्या माणसाने तासभर अशी सौम्य आसने केली तर सुमारे 200 कॅलरी खर्च होतात. त्यांतील 80-85 तर नुसते बसून राहिले तरी खर्च व्हावयाच्याच. म्हणजे व्यायामाची निव्वळ कमाई सव्वाशेच्या आत-बाहेर. दुकानातील फराळ मात्र एकूण खर्चाच्याही दुपटीच्या घरात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरींचा साठा. रोज एक तास आसने केली आणि एक घासही अधिक खाल्ला नाही, तरी किलोभर उतरावयास दोन महिने लागावयाचे.

“मग आसने करावयाची तरी कशाला?” आम्ही विचारले.

“भुकेजवळ बसता यावे म्हणून,” भाई म्हणाले.

तेव्हा हे उत्तर आम्हांस शब्दांची कसरत वाटले. आज तसे वाटत नाही. आपल्या जुन्या योगग्रंथांत देह झिजविण्याचा आग्रह नाही; मिताहाराचा आहे. घेरंडसंहितेत पोटाचा अर्धा भाग अन्नाने व चौथा पाण्याने भरून उरलेला चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवावयास सांगितले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगताना, मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हेही बजाविले आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया यंत्रांनी मोजावयास आरंभ केला, तेव्हापासून योग प्रयोगशाळेत आला. तरी ताटावर बसलेल्या माणसाचा संयम मोजणारे यंत्र अद्याप निघावयाचे आहे.

भुकेच्या बाबतीत मात्र विज्ञानाने एक मौजेची गोष्ट दाखविली आहे. जठरातून स्रवणारे ग्रेलिन नावाचे द्रव्य जपानी संशोधकांनी 1999 साली शोधून काढले. ते भूक चाळविते. आणि जेवणाची जी वेळ आपण देहाला लावून दिलेली असते, तिच्या सुमारास ते वाढते. म्हणजे भूक ही पुष्कळदा पोटाच्या रितेपणाची नव्हे, तर घड्याळाची हाक असते. पुजाऱ्याने रोज ठरल्या वेळी नैवेद्य दाखवावा आणि आवारातील कावळ्यांनी ती वेळ पाठ करावी, तसे आमच्या जठराने साडेसातचा पातळ भाजीचा मुहूर्त तीन महिन्यांत पाठ करून टाकला होता.

भाईंनी एकच नेम सांगितला. शवासन आटोपल्यावर पेलाभर पाणी प्यावे आणि पंधरा मिनिटे तळीच्या पायरीवर स्वस्थ बसावे. श्वास पाहावा आणि मनाला विचारावे, ‘आता नुसती पेज आणि मीठ मिळाले तर खाशील काय?’ होय असे उत्तर आले तर ती खरी भूक. तिला अवश्य अन्न द्यावे. ‘पेज नको, भजे हवे’ असे उत्तर आले तर ती भूक पोटाची नव्हे. ती केलेल्या कष्टांची मजुरी मागत आहे.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. आमचे बंधू इन्शुलिन घेतात. एके दिवशी आमच्या आग्रहावरून ते उपाशीपोटी वर्गास आले आणि अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले. भाईंनी तत्काळ साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घाम आणि कंप यांसह येणारी भूक पायरीवर बसून पाहत राहण्याची नव्हे.

आम्ही पायरीवर बसू लागलो. पहिले आठ-दहा दिवस केवळ भज्यांचा वास आला. मग एके सकाळी भूक जोराने उसळली आणि तिच्यासोबत जे वर आले, त्याची आम्हांस कल्पना नव्हती. ती भूक नव्हतीच, भीती होती. आता मिळाले नाही तर पुढे मिळेल कशावरून, अशी.

ती भीती आम्ही ओळखली. ती 1971 सालची होती. वडील वारले त्याच वर्षी आम्हांस विषमज्वर झाला. आम्ही सात वर्षांचे. दुखण्यातून उठलो तर गुळाने तुलाभार करीन, असा नवस आईने बोलून ठेवला होता. आम्ही उठलो आणि याच देवळात तराजूच्या एका पारड्यात मांडी घालून बसलो. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपी पडू लागल्या. सोळा किलोंवरच काटा समतोल झाला. आई पारड्याकडे टक लावून उभी होती. पोराचे पारडे जड भरावे ही तिची आस, आणि जड भरले तर गुळाचे पैसे कोठून आणावे ही चिंता; त्या दोहोंच्या कात्रीत सापडलेला तो चेहरा आजही आमच्या स्मरणात आहे. त्यानंतर कित्येक वर्षे ती आम्हां भावंडांना वाढून झाल्यावर जेवत असे, आणि “आई, तुला?” असे विचारता पोट भरल्याचे सांगत असे. ते भरलेले नसे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आई आता ऐंशी उलटून गेली आहे. ताटावर अजूनही तीच वाढते. आम्ही दुसऱ्या वाढपाला हात आडवा धरू लागलो, तेव्हा ती प्रथम गोंधळली, मग दुखावली. “रांदप बरें जावंक ना?” असे तिने विचारले. तीन दिवस ती आमच्याशी मोजकेच बोलली. वजन उतरू लागताच तिची काळजी वाढली; दुसरा तुलाभार बोलते की काय, असे वाटू लागले. काटा खाली जाणे ही तिच्या लेखी कधीच शुभवार्ता नव्हती. डॉक्टरांचे आकडे तिच्यापुढे मांडून उपयोग नव्हता.

एका दुपारी आम्ही तिच्याजवळ बसलो आणि तळीच्या पायरीवर काय घडले ते सांगितले. पारडे, गूळ, तिचा चेहरा, सारे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुका उगडास आसा?” आम्ही मान हलविली. “भुकेल्लो रावूं नाका पुता,” एवढेच ती म्हणाली. आम्ही म्हणालो, “आई, भूक लागते, पण आता तिची भीती वाटत नाही.”

आज आमचा क्रम साधा आहे. वर्गानंतर पाणी, पंधरा मिनिटे पायरी, मग घरी मोड आलेल्या मुगांची वाटीभर मुगागाठी आणि उकड्या तांदळाची थोडी पेज. डाळी-कडधान्यांनी पोट अधिक वेळ शांत राहते, हा अनुभव आहे. घास सावकाश चावतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचावयास काही वेळ लागतो, तो त्याला देतो. जत्रेच्या दिवशी नेम मोडतो, आणि त्याबद्दल आम्ही पश्चात्ताप करीत नाही. वर्षाअखेर वजन 77 किलो झाले व साखर सीमेच्या अलीकडे आली. कंबर अद्याप 90 च्या पलीकडेच आहे. अड्ड्यावरील मित्र अजून हाका मारतात. आम्ही बिनसाखरेचा चहा घेऊन त्यांच्यात बसतो.

परवा जेवताना आईने भाताचा डाव उचलला, आमच्या ताटावर क्षणभर धरला आणि आमच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही हात आडवा केला नव्हता. तिनेच तो डाव पुन्हा भांड्यात ठेवला, आणि आमच्यासमोर स्वतःचे ताट मांडून ती जेवावयास बसली.